बॉम्बच्या लिफ्टखाली

हे कोणी खरं मानणार नाही, मला ठाऊक आहे. मी आजवर सांगितलेल्यातलं फारसं कोणी मानलेलं नाही, आणि त्यात लोकांची चूक आहे असंही मी म्हणणार नाही. पण एका माणसाने विमानवाहू जहाजाची बॉम्ब चढवायची लिफ्ट नुसत्या तळहाताने अडवली, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. उताणा पडून पाहिलंय, खालून.

तो माणूस म्हणजे रामा. नौदलात आम्ही दोघं एकाच जहाजावर होतो. परवा मी आणि माझी बायको कमळ आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला उतरलो आणि रिक्षाने दिवेआगरला त्याच्या घरी गेलो. त्याची नात प्रांजली नौदलात भरती झाली, पुढच्या आठवड्यात ट्रेनिंगला निघणार, म्हणून कौतुक करायला. पिशवीत आमच्याकडचे वाल, सुके बोंबील आणि आमच्या मिठागराचं मीठ. दर वर्षी नेतो. रामा दर वर्षी म्हणतो, "मीठ हितंबी मिळतं रे," आणि ठेवून घेतो.

"जय भीम, अंबाजी," म्हणाला आणि पुन्हा सुपाऱ्या सोलायला बसला.

प्रांजलीने चहा आणला. "आजोबा, तुम्ही दोघं जहाजावर नक्की काय करायचात? आमचे आजोबा तर काही सांगतच नाहीत."

"म्हणून तर मला बोलावलंय," मी म्हटलं.

"कोनी बोलावलंय? आपले आपन आलो," कमळ म्हणाली.

मी तिकडे लक्ष दिलं नाही. प्रांजलीला सांगितलं, बाळ, बॉम्ब असतात जहाजाच्या पार तळाशी, कोठारात. विमानं असतात वर डेकवर. मधे लिफ्ट. खालून ट्रॉलीवर बॉम्ब चढवायचे, वर पाठवायचे, तिथली पोरं ते विमानाच्या पंखाखाली अडकवणार. आणि आमची लिफ्ट अशी दांडगी की बॉम्ब घेऊन वर निघाली की अख्खं जहाज हातभर पाण्यात बसायचं.

"वीतभर," रामा म्हणाला. सुपारीवरची नजर काढली नाही.

"वीतभर. तर या लिफ्टच्या खाली एक खड्डा. तेल, ग्रीस, वरून गळलेलं पाणी, सगळं तिथे साचायचं. गुडघाभर राड. महिन्यातून एकदा कोणीतरी उतरून साफ करायचा. आणि त्याला एकच नियम. जो खड्ड्यात उतरेल त्याने लिफ्टची चावी स्वतःच्या खिशात घालून उतरायचं. चावी एकच. ती तुझ्या खिशात, म्हणजे जगात कोणाला लिफ्ट हलवता येणार नाही. खड्ड्यातल्या माणसाचा जीव त्याच्याच खिशात."

"आणि तुम्ही उतरलात."

"उतरलो. सकाळी दहाची वेळ. सराव होता, वर सहा विमानं रिकाम्या पंखांनी उभी. साहेबांनी सांगितलं, अर्ध्या तासात साफ करून लिफ्ट चालू करा. मी राड उपसतोय, गाणं म्हणतोय, आणि डोक्यावर घर्रर्र. बघतो तर लिफ्टचा तळ खाली येतोय. वर आदल्या सरावातून परत आलेले दोन बॉम्ब लादलेले. एकेक आमच्या रेड्याएवढा."

प्रांजलीचा कप तोंडाशीच राहिला. "पण चावी तर तुमच्या खिशात होती ना?"

"होती. उंदराने नेली."

"उंदराने."

"जहाजावरचा उंदीर, प्रांजली. नोकरीत मुरलेला. खिशातून चावी काढली, शिडी चढला, बटणांच्या पेटीत घातली आणि फिरवली."

"गेल्या साली माकड व्हतं," कमळ म्हणाली.

"माकड दुसऱ्या जहाजावर. मधे बोलू नको. तर मी राडीत उताणा पडलो. ओरडायला तोंड उघडलं तर तोंडात तेल. म्हटलं, संपलं. कमळची आठवण आली, पोरींची आली, आणि खोटं कशाला सांगू, फ्रीजमध्ये ठेवलेल्या कोलंबीचीसुद्धा आली. आणि हा रामा चार मजले वर. त्याने तिथून माझा श्वास ऐकला. चार मजले. तसाच धावत खाली आला आणि तळहात लावून लिफ्ट अडवली. माझ्या नाकापासून बोटभर वर."

"बटन दाबलं व्हतं रे," रामा म्हणाला. "लाल बटन असतं, थांबवायचं."

"तळहातानेच दाबलंस ना?"

रामाने मान हलवली. तेवढं त्याला कबूल होतं.

त्या बोटभर जागेत माझं पुढचं सगळं आयुष्य मावलं, हे मात्र मी तिला हसत सांगितलं नाही. थोरलीचं लग्न मावलं. धाकटीची दोन पोरं मावली. पंचवीस वर्षं मी सकाळी उठून दात घासतो ते रामाच्या कृपेने. निवृत्तीनंतर मिठागरावर गेलो, पहिल्या मिठाचा खडा जिभेवर ठेवला, तोही त्याच्याच खात्यावर. हे मी त्याला कधी सांगायला गेलो की तो विचारतो, वाल कडवे आहेत का गोडे.

"मग साहेबांनी बक्षीस दिलं असेल," प्रांजली म्हणाली.

"बक्षीस कसलं. लिफ्ट बंद, वर विमानं खोळंबलेली. साहेब लालबुंद होऊन खाली आले. तोवर रामाने मला ओढून बाहेर काढलं होतं, कपडे नीट करायला लावले होते. साहेबांनी विचारलं, लिफ्ट का थांबवली? हा म्हणाला, साहेब, आवाज बरोबर वाटला नाही. इतकंच. साहेबांनी तपासणी लावली, लिफ्टमध्ये काही दोष निघाला नाही. विनाकारण सराव अडवला म्हणून याची बढती एक वर्ष मागे गेली."

"आणि तुम्ही काही बोलला नाहीत?"

"माझ्या तोंडात तेल होतं ना, बाळ."

रामा सुपारी सोलायचा थांबला. मी घाईने पुढे म्हटलं, "अगं, त्याने उंदराचं नाव सांगितलं असतं तर बिचाऱ्याची नोकरी जाती. बायकापोरं होती त्याला. रामाचं मनच तसं. दुसऱ्याची चूक..."

"ओ," कमळ म्हणाली.

मी थांबलो. पस्तीस वर्षं संसार झाला, तो "ओ" मला कळतो.

"त्या खड्ड्यात राड किती व्हती म्हनालात?"

"गुडघाभर."

"गुडघाभर. आन खिशातनं चावी गेली." ती प्रांजलीकडे वळली. "पोरी, आमी मिठागरावरची मानसं. आमच्यात चिखलात उतरायचं तर कपडे आधी बांधावर. पोरापासनं म्हाताऱ्यापर्यंत, समद्यांचं तसंच. ह्या मानसाला मी जल्मात पॅन्ट घालून राडीत उतरलेला बगितला न्हाय. सायबाच्या लग्नाला निघालेला, वाटेत गाडी रुतली, तर ढकलायच्या आधी हायवेवर पॅन्ट काढून तिची घडी करून माज्या हातात दिली." मग तिने रामाकडे पाहिलं, आणि आवाज खाली आला. "भावजी, चावी ह्यांच्या पॅन्टीतच ऱ्हायली, व्हय ना? वर, पेटीपाशी. कोनीतरी उचलली आन लावली. तुमाला ह्यांचा श्वास न्हाय ऐकू आला. घडी घातलेली पॅन्ट दिसली."