थेंबबाबांचे दोन तांबे

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, आणि मी कामावरून थेट आलेलो. वीस वर्षं प्रयोगशाळेत लोकांचं रक्त तपासतोय. पण पिकतं तिथं विकत नाही. माझी सख्खी ताई थेंबबाबांच्या रांगेत.

मागच्या आठवड्यात बाबांनी तिच्या बोटाचा थेंब बशीतल्या पाण्यात टाकला. रक्त फाटून त्याचे बारीक कण झाले. "दोष आहे. गोळ्यांचं विष," बाबा म्हणाले, आणि ताईनं क्षयाच्या गोळ्या बंद केल्या. चौथ्या महिन्यात! कोर्स अर्धवट सोडला की आजार चिवट होऊन परततो. हे मी तिला तीनदा सांगितलं होतं.

आज पुन्हा थेंब. पाणी एकसारखं गुलाबी. "रक्त शुद्ध झालं," बाबा म्हणाले. टाळ्या.

मी मात्र बाबांसमोरच्या पाण्याच्या दोन तांब्यांकडे बघत होतो. नव्या माणसासाठी बशीत पाणी डावीकडच्यातलं, जुन्यासाठी उजवीकडच्यातलं.

"बाबा, डावीकडच्या पाण्यात माझा थेंब टाका."

माझ्याही रक्ताचे कण झाले.

"संशयी माणसाचं रक्त फाटतंच," बाबा हसले.

"मग आता तुमचा."

सगळे बघत होते, नाही म्हणायची सोय नव्हती. त्यांचंही रक्त फाटलं.

ताई वसतिगृहात स्वयंपाक करते. तिनं डावा तांबा नाकाशी धरला. "अरे, हे राजमा भिजवलेलं पाणी." मग उजवा. "आणि हे तेच, उकळलेलं."

"कच्च्या राजम्यातलं प्रथिन रक्तपेशींवरची साखर पकडून त्यांना एकमेकींना चिकटवतं," मी म्हणालो. "उकळलं की त्याची पकड जाते. दोष नाही, विष नाही."

मागून एक काकू म्हणाल्या, "बाबांनी आपल्या सगळ्यांचा दोष स्वतःवर घेतला." मी कपाळाला हात लावला आणि ताईला घेऊन निघालो.

जिन्यात ताईनं विचारलं, "असली प्रथिनं आपल्यात नसतात?"

"असतात की. कॅल्शियमच्या आधारानं जंतूंच्या अंगावरची साखर धरतात आणि बाकीच्या संरक्षणाला जागं करतात. काही प्रथिनं रक्तातून वाहणाऱ्या पांढऱ्या पेशींना सुजलेल्या जागी थांबवतात, म्हणजे त्या तिथं लढतात."

"मग माझी काय झोपली होती?"

"राबतायत बिचारी. एकट्यांना झेपत नाही, म्हणून गोळ्या."

दोन पायऱ्या उतरून ती म्हणाली, "सात दिवस बुडवले. डॉक्टरांना सांगायची लाज वाटते. उद्या येशील बरोबर?"

"येतो."

तुम्हालाही एवढंच सांगतो. कुणी चमत्कार दाखवला, तर तोच आधी त्याच्या स्वतःच्या बोटावर करायला लावा. आणि तोवर गोळी चुकवू नका.