राखण आणि पाळत

गल्लीत भरदिवसा चोरी झाली की पुढचे आठ दिवस गल्लीतला प्रत्येक माणूस फौजदार असतो. कोपऱ्यावरच्या घरात असंच झालं. घरचे सगळे कामाला गेलेले. चोराने मागच्या दाराची कडी उचकटली, कपाटं धुंडाळली आणि जाता जाता नळाच्या पितळी तोट्यासुद्धा काढून नेल्या. पाणी वाहत वाहत रस्त्यावर आलं, तेव्हा कुठे शेजाऱ्यांना कळलं. मग काय विचारता! "मला त्या दिवशीच संशय आला होता" असं म्हणणारे दहा जण निघाले. त्यांतल्या एकालाही चोर दिसला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

कवळीताईने मात्र या चोरीची खरोखरच धास्ती घेतली.

तिला कवळीताई म्हणत, कारण ती दातांच्या कवळ्या बनवायची. डॉक्टरांकडून जबड्याचे ठसे यायचे, त्यावरून साचा करायचा, मेणात दात बसवायचे, घासून-पुसून कवळी चकचकीत करायची. केसाएवढा फरक पडला तरी म्हाताऱ्या माणसाची हिरडी सोलून निघते, म्हणून ताईची नजर भारी बारीक. नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातले कितीतरी महिने समुद्रावर. घरात ताई आणि तिचे वडील, आबा. आई गेल्यावर ताईने त्यांना आपल्याकडे आणलं होतं.

आबांनी जन्मभर बाजार समितीत लिलाव पुकारला. त्यांचा आवाज असा, की कांद्याच्या ढिगापाशी ओरडले तर फाटकाबाहेरचे बैल कान टवकारायचे! पण मागच्या वर्षी अर्धांगाचा झटका आला आणि नेमका तो आवाजच गेला. हातपाय हळूहळू वळणावर आले, काठी घेऊन घरात फिरू लागले. जीभ मात्र ऐकेना. शब्द ओठांपर्यंत यायचा आणि तिथेच अडून बसायचा. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, "रोज मोठ्याने सराव करा. चुकलं तर चुकू द्या." आबा मान हलवायचे, पण लेकीसमोर तोंड उघडायचे नाहीत. ज्याच्या आवाजावर अख्खा बाजार हलायचा, त्याने 'पाणी' म्हणताना अडखळायचं? त्यापेक्षा बोटाने तांब्या दाखवलेला बरा!

आणि असे आबा दिवसभर घरात एकटे. उद्या चोर शिरला तर हे ओरडणार तरी कसे?

दुसऱ्याच दिवशी ताई कॅमेऱ्यांच्या दुकानात गेली. दुकानदार बोलका होता.

"बाहेर लावायचा तर ऊन-पाऊस सोसणारा घ्या, ताई. अंधारात दिसलं पाहिजे. वीज गेली तरी काही तास चालला पाहिजे. फाटकावर एक, मागच्या दारावर एक."

"बास ना मग, दोन द्या."

"अहो, दोनाने काय होतंय? घरात वडील एकटे म्हणता. पडले-बिडले तर? चारचा संच घ्या. एक बैठकीच्या खोलीत, एक त्यांच्या खोलीत. कामावर बसून मोबाइलवर सगळं घर बघा. शिवाय बोलायचीही सोय आहे. तुम्ही तिकडून बोललात की इकडे कॅमेऱ्यातून ऐकू येणार!"

'पडले-बिडले तर' या तीन शब्दांनी ताईला जिंकलं. रविवारी कॅमेरे बसवणारा माणूस शिडी घेऊन आला. भिंतीला भोकं पाडली, वायरी ओढल्या, मोबाइलवर चित्र दाखवलं. बैठकीच्या कॅमेऱ्यात पलीकडचं स्वयंपाकघरही ओट्यापर्यंत दिसत होतं. आबा खुर्चीत बसून खाली पडणारा चुना बघत होते. त्यांनी एकदा छताकडे बोट करून भुवया उंचावल्या.

"तुमच्यासाठीच आहे आबा, काळजी नको," ताई म्हणाली आणि झाडू आणायला गेली.

पहिले काही दिवस ताई खुशीत होती. कामाच्या टेबलावर एका बाजूला मेणाचे दात आणि दुसऱ्या बाजूला उभा केलेला मोबाइल. आबा उठले, आबा बसले, आबांनी चहा केला. एकदा तिला आबा साखरेच्या डब्यात दुसऱ्यांदा चमचा घालताना दिसले आणि राहवेना. तिने बटण दाबलं.

"आबा! साखर बास!"

भिंतीतून लेकीचा आवाज आला आणि आबा असे दचकले, की कप हातातून सुटून फुटला. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने मोबाइलमध्ये डोकावून बघितलं आणि ती खो खो हसली. ताईही हसली. मग सवयच लागली. "आबा, पंखा बंद करा." "आबा, औषध घेतलं का?" "आबा, किती वेळ खिडकीत उभे राहाल, पाय दुखतील!" सगळं मायेपोटीच. पण माया असली म्हणून भिंतीतून आलेला आवाज गोड लागतो थोडाच!

आबा हळूहळू आटत चालले. आधी खिडकीत उभं राहणं थांबलं. मग चहा करणं थांबलं. महिन्याच्या तपासणीला बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी दोन-चार शब्द म्हणून घेतले आणि कपाळाला आठी घातली. "मागच्या वेळी यापेक्षा बरं होतं. घरात काही बदललंय का?"

"छे, काहीच नाही," ताई म्हणाली. आणि गंमत म्हणजे ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं.

मग एका दुपारी तिने मोबाइल बघितला तर आबांची खुर्ची रिकामी. खाटही रिकामी. दोन्ही दारांवर कुणी आलं-गेलेलं नाही. तिने बटण दाबून हाका मारल्या. एकदा, दोनदा, कितीदा तरी. उत्तर नाही. हातातली कवळी तशीच टाकून ताई धावत सुटली. रिक्षात बसल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण अंगावरचा प्लास्टरने माखलेला एप्रनसुद्धा काढलेला नाही.

आपल्याजवळच्या किल्लीने दार उघडून ती आत शिरली आणि जागच्या जागी थांबली. न्हाणीघराचं दार लोटलेलं होतं आणि आतून आवाज येत होता. आबांचा!

"बा... बादली! चां... चांगली... बादली! बोला, को... कोण घेतो? एक वार..."

ताईने फटीतून बघितलं. ओल्या फरशीवर स्टूल मांडून आबा बसले होते. काठी मांडीवर आडवी. समोर बादली, तांब्या आणि साबणाची वडी अशी ओळीने मांडलेली. आबा त्यांचा लिलाव पुकारत होते! शब्द अडखळत होता, पुन्हा पुन्हा घसरत होता, आणि आबा न चिडता तो पुन्हा उचलत होते.

"सा... साबण! वासाचा सा-बण! दोन वार..."

ताईला आधी हसू आलं. मग त्या हसण्यातच डोळे भरून आले. मग तिची नजर ओल्या फरशीवर गेली. अख्ख्या घरात सगळ्यांत निसरडी जागा हीच! पडण्याच्या भीतीने आपण कॅमेरे लावले, आणि त्याच कॅमेऱ्यांनी या माणसाला इथे आणून बसवलं. कारण सगळ्या घरात कॅमेरा नसलेली एवढीच एक जागा उरली होती!

पाऊल वाजलं आणि आबा गप्प झाले. चोरी पकडली गेल्यासारखे. त्यांनी मान खाली घातली, काठी टेकत उठले आणि लेकीकडे न बघता खोलीत गेले.

ताईने संध्याकाळी आत्याला फोन केला. आत्या म्हणजे आबांची धाकटी बहीण. मुलींच्या वसतिगृहाची ती अधीक्षिका होती, निवृत्त होऊनही तिचा दरारा गेला नव्हता. दुसऱ्या दिवशी ती पिशवी घेऊन हजर. चपला काढता काढताच तिने छताकडे बघितलं.

"काय ग, घराला डोळे फुटलेत वाटतं! आणि हे सगळे दादावर रोखलेले?"

"त्यांच्या काळजीनेच ना, आत्या! ते पडले तर?"

"पडले तर, हे मला कळतं. आधी मला एक सांग. तू मेणात दात बसवत असताना मी तुझ्या खांद्यावरून वाकून बघत राहिले, आणि मधूनच ओरडले, 'अगं, हा वाकडा बसला!' तर तुझा हात चालेल?"

ताईने नकारार्थी मान हलवली.

"मी एवढ्या पोरींची राखण केली. माझी खुर्ची कुठे असायची माहितेय? फाटकात. तोंड रस्त्याकडे. बाहेरून कोण येतंय ते बघायला. पहिल्या वर्षी मीही शहाणपणा केला होता. खुर्ची आत वळवली. कोण हसते, कोण रडते, कुणाचा दिवा जळतोय, सगळं टिपत बसले. काय झालं? पोरी माझ्याशी बोलेनाशा झाल्या. एकीला ताप आला तर तिने तोही लपवला! तेव्हा मला उमगलं. बाहेर तोंड करून बसते ती राखण. आत तोंड करून बसते ती पाळत. राखणीने माणूस निर्धास्त होतो, पाळतीने चोरटा होतो. दादाचं काय झालंय ते तू बघितलंसच."

"पण आत्या, मी वाईट हेतूने..."

"हेतू चांगलाच होता ग! म्हणून तर कुणी तुला अडवलं नाही. पण एक साधी गोष्ट राहिली. ज्याच्यासाठी बसवलेत, त्याला विचारलंस?"

ताईने मान वळवली. दारात आबा उभे होते. कधी आले कोण जाणे. त्यांचे ओठ हलत होते. दोघींनी घाई केली नाही, शब्द पुरवला नाही. बऱ्याच वेळाने आबा बोलले.

"चूक... होते ग पोरी. शंभर चुका. कुणी... बघत नसलं... तरच... होऊ देतो."

झटका आल्यापासून लेकीशी बोललेलं त्यांचं ते सगळ्यांत लांब वाक्य! ताई उठली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान पोरीसारखी रडली. "चुकलं माझं, आबा. तुमच्याच घरात तुम्हाला लपायला लावलं मी."

"रडू... नको," आबा म्हणाले आणि छताकडे काठी केली. "ते... काढ."

पुढच्या रविवारी तोच माणूस तीच शिडी घेऊन पुन्हा आला. पण या वेळी हुकूम आबांचे होते. आतले दोन्ही कॅमेरे उतरले. फाटकावरचा कॅमेरा आबांनी मोबाइलवर निरखून बघितला आणि त्यांची काठी जमिनीवर आपटली. चित्राच्या एका कोपऱ्यात शेजारच्या काकूंचं कपडे वाळत घालायचं अंगण दिसत होतं!

"दुसऱ्याचं... घर," आबा म्हणाले.

ताई ओशाळली. एवढी बारीक नजर आपली, आणि हे कसं दिसलं नाही? कॅमेऱ्याची मान वळवली गेली. फक्त आपलं फाटक आणि आपल्या पायऱ्या. 'इथे कॅमेरा आहे' अशी पाटी फाटकावर लागली. दुकानातून आला तेव्हाचा पासवर्ड अजून तसाच होता. तो कुणालाही ठाऊक असू शकतो असं त्या माणसाने सांगितल्यावर ताईने तो तिथल्या तिथे बदलला. न्हाणीघरात रबरी चटई आली, भिंतीला धरायला दांडा आला. आणि आबांच्या गळ्यात एक छोटं बटण आलं. दाबलं की ताईच्या आणि काकूंच्या मोबाइलवर घंटी वाजणार. "मदत हवी असेल तेव्हा तुम्ही बोलवा. तोवर मी कामावर आहे, तुमच्या डोक्यावर नाही," ताई म्हणाली. आबा हसले. वाकडं, पण मनापासून.

ताईला सुरुवातीला जड गेलं, खोटं कशाला सांगू? दिवसातून कितीदा हात मोबाइलकडे जायचा. पण आबा पुन्हा खिडकीत उभे राहू लागले. चहा होऊ लागला. त्या चहात साखर किती पडत होती, ते आबांनाच ठाऊक! आणि बोलायला शिकवणाऱ्या बाई पुढच्या खेपेला म्हणाल्या, "वा! आता कसं!"

थोड्याच दिवसांत गल्लीची बैठक भरली. सगळ्यांनी मिळून रस्त्यावर कॅमेरे लावायचे ठरत होतं. एक गृहस्थ उत्साहाने म्हणाले, "एक त्या पारावरच्या बाकावर रोखा. कोणाची पोरगी कोणाशी बोलत बसते, तेही कळेल!"

दोघे-तिघे हसले. मागे उभ्या असलेल्या कॉलेजच्या मुलींनी खाली बघितलं.

ताई उभी राहिली. "चोर त्या बाकावर बसत नाही, काका. चोर गल्लीच्या दोन तोंडांनी येतो. कॅमेरे तिथे लावू. चित्रण कोण बघणार, कधी बघणार आणि कधी पुसणार, ते आजच ठरवू. आणि ज्यांच्या दारासमोर लावायचा, त्यांचा होकार घेऊ."

"एवढी विचारपूस कशाला? आपलीच तर माणसं!" गृहस्थ म्हणाले.

तेवढ्यात पुढच्या खुर्चीतले आबा काठीवर भार देऊन उठले. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. झटका आल्यापासून या माणसाला बोलताना गल्लीने कधी ऐकलंच नव्हतं.

"आपली माणसं..." आबा म्हणाले. शब्द अडकला. त्यांनी श्वास घेतला, आणि सगळ्यांसमोर, न लाजता, तो पुन्हा उचलला. "आपली माणसं... म्हणूनच... आधी विचारा!"

मागच्या मुलींपैकी एकीने टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच. कॅमेरे गल्लीच्या दोन तोंडांना लागले, बाक मोकळा राहिला.

मंडळी, दिवस असे आहेत की कडीकोयंडा हवा, कुलूप हवं आणि कॅमेराही हवा. जरूर लावा. पण त्याचं तोंड उंबऱ्याबाहेर असू द्या. घरातल्या म्हाताऱ्यांना, पोरासोरांना, कामाला येणाऱ्या बाईला आपण जपतो ते भरवशाने, टेहळणीने नव्हे. ज्याची काळजी वाटते, त्याच्यावर डोळा ठेवण्याआधी त्याच्याजवळ दोन घटका बसा आणि त्याला विचारा. घराचं खरं संरक्षण तिथून सुरू होतं.