गुरुवारचे डोळे

डोळ्यांच्या विभागात रेसिडेन्सी मिळाली, तेव्हा बाबांनी ते पत्र अख्ख्या गल्लीला वाचून दाखवलं. स्टायपेंड, होस्टेलची खोली, लायब्ररी, आईवडिलांना मोफत इलाज. मी मात्र नाचले ती शेवटच्या ओळीवर: दर गुरुवारी नव्या मायक्रोस्कोपवर सराव. परदेशी माल मागवणं सोपं झालं होतं, म्हणून तो थेट जर्मनीहून आला होता. ज्या वर्षी ते सोपं झालं, त्याच वर्षात बाबा कामाला होते ती कापडमिल बंद पडली, हे काही पत्रात नव्हतं.

सराव करायचा बकऱ्याच्या डोळ्यावर, आणि डोळा ज्याचा त्याने आणायचा. आमच्या रघुवीर सरांनी जाहीर केलं, "गुरुवारी बारा बजे तक ज्याच्या टाक्यातून पाणी गळणार नाही, शनिवारी मोतीबिंदूची पहिली केस त्याची."

पहिली केस! मला धड बसवेना. पण बुधवारी माझी नाइट ड्यूटी, आणि आमच्या घरात अंडंसुद्धा उंबऱ्याबाहेर. मटणाच्या दुकानात जाणार कोण?

"मी जातो ना," बाबा म्हणाले. "दीड साल से घरीच तर बसलोय."

गुरुवारी नऊला बाबा स्टीलचा डबा घेऊन विभागात हजर. चेहरा नुसता फुललेला. मी झाकण उघडलं आणि किंचाळलेच. दोन्ही डोळे नासलेल्या दुधासारखे पांढरेफटक.

"बाबा, काय केलंत हे?"

"काही नाही बेटा, कडक गरम पाण्याने तीनदा धुतले. तुझा हात लागणार ना त्याला!"

"शिजवलेत तुम्ही! आता टाका कशावर घालू? तुमचं सोवळं माझ्या मुळावर आलंय!"

बोलले आणि जीभ चावली. बाबांनी डबा बंद केला, भिंतीवरचं घड्याळ पाहिलं आणि बाहेर जाऊन सायकलवर टांग मारली.

दहा वाजले. अकरा वाजले. माझ्या बॅचच्या सुजयचा टाका गळला. मला वाईट वाटायला हवं होतं, पण मी मनातल्या मनात उडी मारली. साडेअकराला बाबा आले, घामाघूम. हातात ओला, लाल झालेला कागद, बाहीवरही डाग.

"सीधा दुकानातून आणलेत. एक थेंब पाणी नाही लावलं."

मी डोळा मायक्रोस्कोपखाली घेतला. केसाहून बारीक धागा, पाच टाके. बाराच्या आत शेवटची गाठ बसली. सरांनी सिरिंजने आत पाणी भरलं, कापसाने कड टिपली, वाकून पाहिलं. पुन्हा टिपली. कापूस कोरडाच.

"शनिवार. पहली केस, संहिता."

मी कॉरिडॉरमध्ये धावत सुटले आणि बाबांना गदागदा हलवलं. "मिळाली! बाबा, केस मिळाली! आणि सकाळी मी जे बोलले, ते..."

"ते जाऊ दे गं." त्यांनाही दम धरवत नव्हता. "मला सांग, बॅचमध्ये किती जण तुम्ही?"

"पाच. का?"

"म्हणजे दहा डोळे. दुकानवाल्याला सांगून ठेवतो की अरे भिया, दर गुरुवारी सकाळी आठला ताजे तयार पाहिजेत. मी स्वतः येणार. आठ म्हणजे आठ."

मिल बंद झाल्यापासून बाबांनी कुठली वेळ अशी सांगितली नव्हती. मला हसू आलं आणि रडूही.

"उशीर नाही ना करणार?"

"अठ्ठावीस साल," बाबा बाहेर येऊन सायकलचं कुलूप काढत म्हणाले, "एक दिवस लेट नाही झालो मी."