छिन्नी घेऊन आलोच

"देवळातलं सोनं किलोत सांगू की पौंडांत?" रोसेंदो चिलुइसाने सगळ्या पाहुण्यांना विचारलं, पण डोळे त्यांच्यातल्या एका जाड गृहस्थाच्या वहीवर ठेवले.

"ग्रॅममध्ये सांगा," गृहस्थ म्हणाले. ते दक्षिणेकडच्या कुएंका शहराचे होते. कुएंकाची माणसं बोलत नाहीत, एकेका शब्दाला झोका देतात. "आणि इथे मुतारी कुठे आहे?"

रोसेंदोने दोन्ही उत्तरं दिली. मुतारीचं खरं होतं.

राजधानी क्वितोच्या जुन्या भागात पाहुण्यांना फिरवायला गळ्यात नगरपालिकेचा बिल्ला लागतो आणि तो दर तीन वर्षांनी नवा करून घ्यावा लागतो. बिल्ल्याविना मोठ्या चौकात कुणाला घंटाघर जरी बोटाने दाखवलं, तरी पोलीस ते बोट धरतो. यंदा कचेरीने नवीच टूम काढली होती. परीक्षक म्हणे साध्या पाहुण्याच्या वेषात येणार, गुपचूप गुण देणार. शंभरात सत्तर पडले तर बिल्ला, नाहीतर घरी बसा. तयारीला एकशे बारा पानांची पुस्तिकाही दिली होती. रोसेंदोने ती चाळीस पानांपर्यंत मन लावून वाचली. पुढली आपल्याला येतातच, असा पंचवीस वर्षं हेच काम केलेल्या माणसाचा हिशेब.

आजच्या सात पाहुण्यांत परीक्षक कोण, हे त्याने सकाळीच ओळखलं होतं. बूट चकचकीत, हातात वही, फोटो एक नाही. त्यात कुएंकाचा, म्हणजे क्वितोत कुणाचा मामा नाही की मेहुणा नाही. तपासणीला अशीच माणसं मुद्दाम आणतात. बाकी सहांचा प्रश्नच नव्हता. पिवळा रेनकोट घातलेली एक मुलगी तर सकाळपासून नुसती खात होती. आइस्क्रीम झालं, भाजलेलं कणीस झालं, आता खारे वाटाणे चालले होते. परीक्षक काय असा चरतो?

कोपऱ्यावर सोइलाबाईची कढई होती. टम्म फुगलेल्या एम्पानाडा, आत चीज कमी नि वारा जास्त, वरून साखर.

"आज एवढा ताठ का रे चालतोयस?" सोइलाबाईने विचारलं. "शर्ट इस्त्रीसकट घातलास की काय?"

"हळू बोल. परीक्षक आहे. तो बघ, वहीवाला."

"तो? मघाशी मला विचारत होता, तळण कुठल्या तेलातलं म्हणून."

"बघ! म्हणजे तपासतोय. सगळ्यांत मोठी दे त्याला."

सोइलाबाईने उशीएवढी एम्पानाडा पुढे केली. गृहस्थांनी साखरेकडे पाहिलं, हात मागे घेतला आणि वहीत काहीतरी लिहिलं. लाच न खाणारा माणूस फार वाईट. ती एम्पानाडा पिवळ्या रेनकोटने खाल्ली.

दुपारी दोनला, नेहमीप्रमाणे कुणालाही न विचारता, पाऊस आला. रोसेंदोने सातही जणांना शिंपी गल्लीतल्या एका सज्ज्याखाली उभं केलं. वहीवाल्याला मध्यभागी, न गळणारी जागा.

"आता वर बघा," तो म्हणाला. "सज्जा आहे, कठडा आहे, कठड्याला नक्षी आहे. काय नाही?"

"दार नाही," गृहस्थ म्हणाले. "मागे नुसती भिंत आहे."

"शाब्बास! या घरात एक विधवा राहायची. तिला सज्जा हवा होता. गवंडी बोलावला, असेन्सियो नावाचा. सोन्याच्या हाताचा माणूस. त्याने बाहेरून शिडी लावून सज्जा बांधला, आता आतून भिंत फोडून दार काढायचं, तर छिन्नी नाही. म्हणाला, 'बाईसाहेब, छिन्नी घेऊन आलोच.' गेला. बाईने सज्ज्यात ठेवायला खुर्ची आणली. मग त्या खुर्चीला गादी केली. मग ती गादी उसवली म्हणून दुसरी केली. लोक म्हणाले, अहो, दुसरा गवंडी बोलवा. बाई म्हणाली, असं कसं? तो आलोच म्हणालाय. आला, आणि दुसरा कुणी काम करताना दिसला, तर त्याला काय वाटेल?"

क्वितोची तीन माणसं होती घोळक्यात, ती खो खो हसली. क्वितोत 'नाही' म्हणणं हा उद्धटपणा, म्हणून सगळे 'आलोच' म्हणतात. नळवाला, वकील, जावई, सगळे.

"बाई गेली, तिची मुलं गेली, आता नातवाची सून आहे. खुर्ची अजून तयार आहे."

"आणि गवंडी?"

"छिन्नी शोधतोय."

पुन्हा हशा. आज गोष्ट इतकी रंगली होती की रोसेंदोने मनातल्या मनात पैकीच्या पैकी गुण मांडून टाकले.

"पान त्रेसष्ट," मागून आवाज आला.

पिवळ्या रेनकोटने वाटाण्यांची पुडी खिशात घातली आणि आतून फाइल काढली. "लिहिया प्रोआन्यो. पर्यटन कचेरी. मास्तर, पुस्तिकेत गवंडी परत येतो."

रोसेंदोने आधी तिच्याकडे पाहिलं, मग वहीवाल्याकडे.

"मी दातांचा डॉक्टर आहे हो," गृहस्थ कसनुसे होत म्हणाले. "मला मधुमेह आहे. कुठे मुतारी आहे नि कुठे साखर, तेवढंच टिपून ठेवतो."

"परत येतो म्हणजे?" रोसेंदोने विचारलं.

लिहिया वाचू लागली. "'सात वर्षांनी असेन्सियो परतला. विधवेशी त्याचा विवाह झाला. प्रेमाला दाराची गरज उरली नाही.' आधार, शहरातल्या वृद्धांच्या तोंडून."

"कुठले वृद्ध? ही गोष्ट मी रचली, बाई! बावीस वर्षांपूर्वी, असाच पाऊस होता. एका जर्मन बाईने विचारलं, दार का नाही. मला माहीत नव्हतं. नाही म्हणवलं नाही. तेव्हा मी एकतीस वर्षांचा होतो, वृद्ध कुठला!"

"पुरावा?"

"ती जर्मन बाई."

लिहियाने ओठ दाबले. हसू आवरत असावी. "मास्तर, तुमचे अडुसष्ट झालेत. सोन्याच्या आकड्याकडे मी डोळेझाक केली. या सज्ज्याला शेवटचे पाच गुण आहेत, पुढच्या ठिकाणांना गुण नाहीत. पुस्तिकेतलं तेवढं एक वाक्य म्हणा, विषय संपला. पाऊस आहेच, कुणाला घाई नाही."

"म्हणा की हो," डॉक्टर म्हणाले. "छान शेवट आहे."

रोसेंदोने घसा साफ केला. एक वाक्य, तीन वर्षांचा बिल्ला. इतका स्वस्त सौदा त्याने जन्मात पाहिला नव्हता.

"आणि सात वर्षांनी," तो म्हणाला, "असेन्सियो..."

असेन्सियो हे नाव पुस्तिकेत जसंच्या तसं छापलं होतं, पण ते कुठून आलं हे छापणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. असेन्सियो चिलुइसा, गवंडी. रोसेंदो नऊ वर्षांचा असताना घराची अर्धी भिंत रचून, हात पुसून, "चुना घेऊन आलोच" म्हणून निघालेला. कुणी म्हणे ग्वायाकील बंदरात दिसला, कुणी म्हणे बोटीवर चढला. आईने उरलेल्या भिंतीला गोणपाट लावलं, पण दुसरा गवंडी बोलावला नाही आणि रात्री दाराला कडी घातली नाही. शेजारणी बोलायच्या. आई एवढंच म्हणायची, "येतो म्हणालाय." अकरा वर्षांपूर्वी ती गेली, त्या दिवशीही कडी उघडीच होती. आणि आता हा बाप पान त्रेसष्टवर परत येऊन, भलत्याच बाईशी लग्न करून सुखाने नांदत होता.

"असेन्सियो?" लिहियाने विचारलं. पेन कागदावर टेकलं होतं.

"अजून यायचाय, बाई," रोसेंदो म्हणाला.

मग त्याने गळ्यातला बिल्ला काढला, बाहीने कोरडा पुसला आणि तिच्या फाइलवर ठेवला.

"सोमवारी कचेरीत फेरपरीक्षा आहे," ती हळूच म्हणाली. "त्रेसष्ट पानच विचारतात. येणार ना?"

"आलोच."

लिहिया क्वितोचीच होती. तिने सोमवारच्या रकान्यात काही लिहिलं नाही.

पाऊस थांबला, तसं ऊन असं पडलं जणू त्याने काही पाहिलंच नाही. वाटेवरची दोन ठिकाणं अजून राहिली होती. रोसेंदो पुढे झाला. "पायरी निसरडी आहे, भिंतीच्या कडेने या." सातही जण त्याच्या मागे निघाले, लिहियासुद्धा. फाइल तिने पिशवीत टाकली होती.

गल्लीच्या वळणावर डॉक्टर थांबले. मागे वळून त्यांनी तो ओला सज्जा पाहिला, वही उघडली, आणि पेन तसंच धरून विचारलं, "मास्तर, पण तो खरंच येईल का हो?"

रोसेंदोचा हात सवयीने गळ्याशी, बिल्ल्याच्या जागी गेला आणि शर्टाचं बटण चाचपून खाली आला.

"येईल की," तो म्हणाला. "येतो म्हणालाय ना."