न्यूट्रलमध्ये उभी गाडी

बरण्यांच्या त्या कारखान्यात माणसं हजारांनी आणि गाड्या शेकड्यांनी होत्या. पार्किंगचं आवार मात्र असलं चिंचोळं, की ते आखणाऱ्याने जन्मात कधी गाडी पाहिली होती की नाही कोण जाणे! भिंतीकडेच्या रांगेत ज्याला जागा मिळाली तो राजा. उरलेल्यांनी मधल्या वाटेत एकामागे एक गाड्या लावायच्या आणि त्यासुद्धा न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक न ओढता. राजेसाहेबांना बाहेर पडायचं झालं, की त्यांनी मधल्या गाडीला खांदा लावायचा, चार हात पुढे सरकवायची आणि आपली वाट करून घ्यायची. गाडी कुणाची, हे विचारायची पद्धत नव्हती. सकाळी लावलेली गाडी पाळी सुटल्यावर जागच्या जागी सापडली, तर माणसाला उगीच चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

वहिनींची गाडी या ढकलाढकलीला पुरून उरलेली होती. वहिनी म्हणजे पॅकिंगच्या हॉलमधल्या वहिनी. बरणीच्या काठावरून बोट फिरवून कुठे टवका उडालाय ते न बघता सांगणाऱ्या. त्यांचे यजमान भट्टीवर, त्यांना सगळे दादा म्हणत, म्हणून या अख्ख्या कारखान्याच्या वहिनी झाल्या. गाडी जुनी होती, स्वभावाने हट्टी होती. सकाळी घरून मुकाट निघायची, पण एकदा बंद केली की दुसऱ्यांदा सुरू होताना तासभर रुसून बसायची. "माझ्या आईवर गेलीय," असं दादा म्हणायचे, अर्थात आई जवळपास नसताना.

आणि हीच तर गोम होती. आई कायम जवळपास असायची. दोन खोल्यांचं घर, त्यात सासू, सासरे, धाकटे दीर आणि दोन मुलं. नवऱ्याशी एक वाक्य बोलायला जावं, तर पाचजण कान टवकारून उत्तर द्यायला हजर! 'मीठ कमी झालंय का?' यापलीकडे बोलण्यासारखं काही घरात बोलताच यायचं नाही. म्हणून नवरा-बायकोचा संसार जो काय होता, तो घर ते कारखाना आणि कारखाना ते घर एवढाच, त्या खटारा गाडीत. भट्टीवाल्यांचा भोंगा खरं तर अर्ध्या तासाने व्हायचा, पण दादा रोज वहिनींबरोबरच निघायचे. रुसवे गाडीत निघाले, मुलांच्या शाळा गाडीत ठरल्या, सासूबाईंच्या नकलाही गाडीतच झाल्या. आपल्या लग्नाची बैठक चार चाकांवर आहे, असं वहिनी हसून सांगत, पण ते अगदी खरं होतं.

ती बैठकच आज मोडायची वेळ आली होती. फाटकावर टाइमकीपर होता. तोंडावर सगळे त्याला साहेब म्हणत, पाठ वळली की सेकंदकाटा. भोंगा वाजला की पंच मशीनमध्ये घातलेलं कार्ड लाल उमटायचं आणि महिन्यात तीन लाल झाली, की पुढचं वर्षभर दुसरी पाळी. रडा, पडा, फाटकावर डोकं आपटा, सेकंदकाटा ढिम्म हलायचा नाही. वहिनींची या महिन्यात दोन लाल झाली होती. दोन्ही वेळा कारण एकच, गोष्ट संपली नाही म्हणून दादांनी चौकाला आणखी एक फेरी मारली होती! भट्टीवर दादांचा हात बसलेला, त्यांची पाळी बदलणं शक्य नव्हतं. म्हणजे तिसरं लाल पडलं, की वहिनी आत जाणार तेव्हा दादा बाहेर येणार, आणि वहिनी घरी पोचणार तेव्हा दादा घोरत असणार. वर्षभर!

आज महिन्याचा शेवटचा दिवस होता. आजचं निभावलं की सुटलो. म्हणून दोघं उजाडायच्या आत निघाली. धुकं मी म्हणत होतं, रस्ते मोकळे होते, आणि चमत्कार असा, की गाडी आवारात शिरली तेव्हा भोंग्याला भरपूर वेळ होता. दादांनी मधल्या वाटेत गाडी लावली, न्यूट्रलमध्ये टाकली आणि बंद केली.

"चला, मी जाते आत," वहिनी म्हणाल्या.

"अगं, बस की जरा. एवढ्या लवकर जाऊन काय झाडू मारणार आहेस? आणि तुला एक गंमत सांगायचीय."

"मला नकोत तुमच्या गमती. दोन लाल झालीत तुमच्या गमतींनी."

"बरं, राहिलं. मला वाटलं, तुझ्या धाकट्या दिराचं जमलंय, हे ऐकायला आवडेल तुला."

वहिनींनी उघडायला घेतलेलं दार धाडकन ओढून घेतलं. "काय सांगता! भावजींचं? कुणाशी? आपल्या मुखदुर्बळ भावजींचं?"

आता दादांना असं बोलायला मिळालं, की ते काय घाई करतात होय? पावाच्या दुकानापासून सुरुवात झाली. भावजी रोज पाव आणायला स्वतः का जातात, घरात कुणी खात नसताना दोन-दोन पाव का येतात, हे सगळं खुलवून खुलवून सांगून झालं. "म्हणजे ती दुकानातली?" "थांब ग, मध्ये तोडू नको." ती त्यांच्याहून वीतभर उंच आहे, म्हणून भावजी तिच्यासमोर पायरीवर चढून उभे राहतात, हे ऐकून वहिनींना हसता हसता ठसका लागला. आईला सांगायचं कुणी, यावर वाद झाला. श्वासांनी काचा पांढऱ्याधोप झाल्या. मध्येच गाडी जराशी हलली.

"कोणीतरी ढकलतंय," वहिनी म्हणाल्या.

"ढकलू दे. रात्रपाळीवाले निघाले असतील. फुकटची सफर," दादा म्हणाले, आणि सवयीने एका हाताने स्टिअरिंग सरळ धरून पुढे सांगू लागले. गाडी पुन्हा सरकली, पुन्हा थांबली, आणखी एकदा सरकली. गाडीत कुणी बसलं असेल, असा विचार धुक्यात घरी पळणाऱ्या माणसाच्या मनात कशाला येतोय? आणि गोष्ट रंगलेली असताना खाली उतरून बघायचं या दोघांच्या तरी मनात कशाला येतंय?

तेवढ्यात पहिली घंटा झाली. ही सूचनेची घंटा, भोंगा तिच्यानंतर दहा मिनिटांनी.

"अग्गोबाई!" म्हणत वहिनींनी पिशवी उचलली आणि दार ढकललं. दार टणकन भिंतीवर आपटलं आणि जेमतेम चार बोटं उघडून अडकलं. त्यांनी पदराने काच पुसली. बाहेर भिंत. नुसती भिंत! दादांनी आपल्या बाजूची काच पुसली, तर बाहेर स्टाफ बसचं चाक, अगदी नाकासमोर. ढकलत ढकलत लोकांनी गाडी बस आणि भिंत यांच्या मधल्या फटीत पुरती आत नेऊन ठेवली होती, बाटलीत बूच बसवावं तशी. दोन्ही दारं उघडेनात. खिडकीतून निघावं, तर हात बाहेर काढायलाही धड जागा नव्हती. मागे गाड्यांची शेपूट लागलेली. पुढे वाट मोकळी होती, सरळ उतारावरून फाटकाकडे, पण त्यासाठी गाडी सुरू व्हायला हवी होती.

दादांनी किल्ली फिरवली. गाडी खोकली आणि गप्प बसली. पुन्हा फिरवली. नाव नको.

"अहो, काहीतरी करा ना!" वहिनींचा आवाज चिरका झाला होता. "तिसरं लाल पडलं तर वर्षभर कुणाशी बोलू मी? बरण्यांशी?"

दादांचा चेहरा पार उतरला. "माझंच चुकलं ग," एवढंच ते म्हणाले, आणि वहिनींना रागही धड येईना, कारण गोष्ट त्यांनीही तेवढ्याच मिटक्या मारत ऐकली होती. त्यांनी काच खाली केली, तोंड भिंतीकडे असतानाच जीव खाऊन ओरडल्या, "अहो, कुणी आहे का मागे? आम्ही आत आहोत!"

मागच्याच गाडीतून क्रेनवाला उतरत होता. हा माणूस क्रेनच्या टोकावर बसून खालच्यांशी बोलणारा, त्यामुळे त्याचा साधा आवाजसुद्धा दोन हॉल ओलांडून जायचा. त्याने वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "आयला! अरे, वहिनी आणि दादा आत आहेत! वहिनींची दोन लाल झालीत रे! या, या, लावा हात!"

फाटकाकडे पळत निघालेली माणसं थबकली. वहिनींची दोन लाल कुणाला ठाऊक नव्हती? पॅकिंगमधल्या दोघी डबे बाजूला ठेवून आल्या. रंगकाम करणारा आला. नवे हिशेबनीस आले, ज्यांना न्यूट्रलची पद्धत अजून पटलेली नव्हती, तेही ब्रीफकेस टपावर ठेवून वाकले. क्रेनवाल्याने आपली गाडी वहिनींच्या गाडीला अल्लद टेकवली आणि पाचही जणांनी तिला मागून खांदा लावला.

"हं, एक, दोन, हुप्प!"

गाडी करकरली, हातभर सरकली. दादांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ठेवलं होतं. बसचा आरसा काचेला घासून गेला. आणखी एक हुप्प, आणि गाडी फटीतून सुटून जी उताराला लागली, ती थेट फाटकाकडे!

"ब्रेक! अहो, ब्रेक!"

"लागतोय ग, जरा हळूहळू लागतोय!"

फाटकाच्या खोलीबाहेर पत्र्याखाली पंच मशीन होतं आणि त्याच्याशेजारी हातातल्या घड्याळाकडे बघत सेकंदकाटा उभा होता. धुक्यातून एक बिनआवाजाची गाडी आपल्याकडे येतेय, खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आलेल्या वहिनी कार्ड नाचवतायत, आणि मागे पाच माणसं पळतायत, हे बघून त्याची नजर आयुष्यात पहिल्यांदा घड्याळावरून हटली. गाडी मशीनच्या शेजारी गचकन थांबली. वहिनींनी हात लांब केला. खट्!

आणि भोंगा वाजला.

वहिनींनी कार्ड डोळ्यांसमोर धरलं. निळं! स्वच्छ, सुंदर, निळं! त्यांचा जीव भांड्यात पडला. त्या खिडकीतच लटकून लहान मुलीसारख्या हसायला लागल्या.

"वहिनी," सेकंदकाटा घसा साफ करून म्हणाला, "कामावर माणसं चालत येतात."

"नियमात चालत असं लिहिलंय का, साहेब?" क्रेनवाला धापा टाकत येऊन पोचला होता.

सेकंदकाटा आत गेला आणि भिंतीवरच्या नियमांच्या पाटीवर बोट ठेवत ठेवत शेवटच्या ओळीपर्यंत गेला. सगळी फाटकात श्वास रोखून उभी. "'कामगाराने स्वतः, स्वतःच्या हाताने,'" त्याने मोठ्याने वाचलं. मग बाहेर येऊन म्हणाला, "पायांबद्दल काही नाही. पंच चालेल. गाडी बाजूला घ्या."

केवढा आरडाओरडा झाला म्हणून सांगू! पण तो संपतो न संपतो तोच सेकंदकाट्याने मशीनकडे बोट केलं. क्रेनवाल्याने कार्ड घातलं. लाल. पॅकिंगवाल्या दोघी, लाल. रंगकामवाला, लाल. हिशेबनीस, तेही लाल. वहिनींचं हसू जागच्या जागी विरलं.

"साहेब, असं नका करू. माझ्यामुळे उशीर झालाय त्यांना."

"असू द्या हो, वहिनी," क्रेनवाला म्हणाला, "कार्ड नुसतंच निळं होतं, जरा रंग आला." आणि शीळ घालत तो आत गेला. वहिनींच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. कुणी कुणासाठी एवढं करतं?

दिवसभर त्यांचं बोट बरण्यांच्या काठांवरून फिरत होतं आणि मनातल्या मनात त्या सेकंदकाट्याला फैलावर घेत होत्या. पाळी सुटली तशा त्या तडक त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. दुसरी पाळी आत येत होती, पहिली बाहेर पडत होती, फाटकात ही गर्दी.

"साहेब, तुमचा भोंगा मेला दोन मिनिटं थांबला असता, तर आभाळ कोसळलं असतं का?"

सेकंदकाटा रागावला नाही. त्याने नुसती हनुवटीने खूण केली. "तिकडे बघा."

वहिनींनी पाहिलं. बाहेर निघालेला एक फिटर आत येणाऱ्या एका बाईजवळ थांबला होता. त्याने तिला घराची किल्ली दिली, तिने त्याच्या कॉलरवरचा धागा काढला, काहीतरी पुटपुटली, तो हसला, आणि दोघं दोन दिशांना गेली. पलीकडे आणखी एक जोडपं होतं. त्याच्यापलीकडे आणखी एक. रोज इथून जायच्या वहिनी, पण दादांच्या गाडीकडे जायच्या घाईत त्यांना हे कधी दिसलंच नव्हतं.

"आमची ही दुसऱ्या पाळीत होती," सेकंदकाटा म्हणाला. "मी पहिल्या. मुलं शाळेत जायला लागेपर्यंत आमचा संसार या फाटकात झाला, वहिनी. भोंगा वेळेवर झाला, तर ती आत येताना आणि मी बाहेर पडताना गाठ पडायची. दोन मिनिटं इकडेतिकडे झाली, की तो दिवस गेला. तेव्हाचा टाइमकीपर मोठा दयाळू होता. कधी याच्यासाठी थांबायचा, कधी त्याच्यासाठी. सगळे त्याला चांगला माणूस म्हणायचे. मी फार शिव्या घातल्यात त्याला."

"आणि आता?" त्यांनी हळूच विचारलं. "वहिनीसाहेब कशा आहेत?"

"मजेत! घरीच असते. राहिलेलं सगळं आता बोलून घेतेय," टाइमकीपरसाहेब म्हणाले, आणि असे काही प्रसन्न हसले, की हा माणूस हसतो हेच वहिनींना आज कळलं.

गाडीत बसल्यावर वहिनींनी हे सगळं दादांना सांगितलं. चौक आला तेव्हा दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि खुशाल आणखी एक फेरी मारली. भावजींचं आईला सांगायचं कुणी, तेही तिथेच ठरलं. वहिनींनी सांगायचं, पण पाव खाता खाता.

दुसऱ्या दिवशी नवा महिना लागला. कोरं कार्ड, दाट धुकं, गाडी मधल्या वाटेत, न्यूट्रलमध्ये. वेळ होता, म्हणून दोघं जरा बसली. सासूबाई पाव तोंडाशी धरून कशा थिजल्या, याची नक्कल वहिनी अशी काही करत होत्या, की दादा स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होते. काचा पांढऱ्या झाल्या होत्या.

तेवढ्यात काचेवर टकटक झाली.

वहिनींनी काच खाली केली. बाहेर टाइमकीपरसाहेब उभे होते, हातात घड्याळ, नजर सभ्यपणे दुसरीकडे. पहिली घंटा अजून व्हायची होती.

"निघा, वहिनी," ते म्हणाले. "उरलेलं घरी जाताना."

आणि पाठ वळवून ते पुढे गेले, काचा पांढऱ्या झालेल्या पुढच्या गाडीवर टकटक करायला.