न बोलावता आत गेलेला जावई

सकाळी सव्वादहाला प्रयोगशाळेच्या अंधारखोलीत ताईंच्या फोनचा पडदा उजळला. त्यांनी तो झटकन कोटाखाली दडपला. समोरच्या उघड्या ट्रेमध्ये अंधारातच रुजवलेली रोपं उभी होती, फिकट, दोऱ्यासारखी.

फोन बाहेरच्या टोपलीत टाकूनच आत जायचं, हा नियम ताईंनीच केलेला. दारावरचा कागदही त्यांच्याच अक्षरातला. पण वडिलांना पहाटे ऑपरेशनला नेलं होतं आणि दादाचा फोन कधीही येणार होता. तो आला. बाबा शुद्धीवर आले होते. ताईंनी बाहेर येऊन डोळे पुसले. ट्रेबद्दल त्या कुणाशी बोलल्या नाहीत.

या प्रयोगशाळेत ज्या प्रथिनावर काम चालतं, त्याला सगळे 'जावई' म्हणतात. अंधारात ते पेशीच्या ओसरीवर, म्हणजे केंद्रकाच्या बाहेर, बसून राहतं. उजेडाने बोलावलं की दुसरं एक प्रथिन त्याला हाताला धरून केंद्रकाच्या छिद्रातून आत नेतं. आमंत्रणाला क्षणभराचा उजेडही पुरतो.

इथली सगळ्यात लहान विद्यार्थिनी, जिला सगळे धाकटी म्हणतात, तिने काही रोपांत या जावयाचा एक छोटा तुकडा बदलला होता. आता तो अंधारातही आत जातो का, एवढंच बघायचं होतं. ती ताईंच्याच हाताखाली शिकलेली. तिची शिष्यवृत्ती या महिन्यात संपत होती आणि वाढवून हवी तर काहीतरी नवं दाखवणं भाग होतं.

दुपारी तिने सूक्ष्मदर्शकापाशी आरोळीच ठोकली. "ताई! अहो ताई, लवकर या!"

पडद्यावर प्रत्येक पेशीत जावयाला जोडलेल्या चमकत्या खुणेचा एक गोल हिरवा ठिपका दिसत होता. केंद्रकात.

"अंधारात, हं! बोलावणं नाही, काही नाही, गडी थेट आत. घरजावईच झाला की हो!"

"आणि साधी रोपं?" ताईंनी विचारलं.

"त्यांच्यात बाहेरच बसलाय, शहाण्यासारखा."

बदललेली रोपं सकाळच्या त्या उघड्या ट्रेमध्ये होती; साधी, न बदललेली मात्र खालच्या कप्प्यात, काळ्या कापडाखाली झाकलेली होती. तिथवर फोनचा उजेड पोचलाच नव्हता.

प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर आले, त्यांनी चष्मा वर सारून पाहिलं आणि उभ्या उभ्या तो फोटो शिष्यवृत्तीच्या समितीला पाठवून दिला.

"पुन्हा एकदा करून बघूया," ताई म्हणाल्या.

"झालं! टाकलात मिठाचा खडा," धाकटी म्हणाली. मग तिला आठवलं. "बाबा बरे आहेत ना आता? मग हसा की! त्यांना सांगा, तुमच्या पायगुणाने माझं काम झालं."

"सांगते," ताई एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळी त्यांनी स्वतः बी पेरलं. या वेळी बदललेलं आणि साधं, दोन्ही एकाच ट्रेमध्ये. धाकटी दारात उभी राहून हसत होती, "माझ्यावर विश्वास नाही वाटतं?"

"माझ्यावर नाही," ताई म्हणाल्या. धाकटीला ती थट्टा वाटली.

समितीचं उत्तर अजून आलेलं नाही. ट्रे आत आहे. परवा सकाळपर्यंत तो उघडता येणार नाही. ताईंचा फोन बाहेरच्या टोपलीत आहे. धाकटीला त्यांनी अजून काही सांगितलेलं नाही.