पोटातला आवाज

सुनंदा सिस्टरने वामनरावांच्या नाकातल्या नळीला चाप लावला, पोटातून येणाऱ्या हिरव्या पाण्याने भरत आलेली पिशवी बाजूला सरकवली आणि स्टीलची वाटी पूर्णिमाच्या हातात दिली.

"चमचा चमचा पाजा. एकदम नाही हं. आणि बाबांचं डोकं थोडं उंच ठेवा."

वाटीत उकळून गार केलेलं पाणी होतं. चार दिवसांत पूर्णिमाच्या सासऱ्यांच्या तोंडात थेंबही गेलेला नव्हता. ओठ सालपटून गेले होते. तिचा नवरा पंकज पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून खकनारच्या आत्याशी फोनवर बोलत होता.

"हो आत्या, निघाली ना गॅस! पप्पा स्वतः बोलले. आता टेन्शन नाही."

चार दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं. पूर्णिमाने मात्र चमचा अजून वाटीत बुडवला नव्हता. कारण वारा सरलेलाच नव्हता.

तुम्ही म्हणाल, असली गोष्ट सुनेने सासऱ्याबद्दल छातीठोकपणे कशी सांगावी? पण पंकज केळीची गाडी भरायला पहाटे डोईफोडियाला गेला, तेव्हापासून ती त्या स्टुलावर बसून होती. पलंग हातभर अंतरावर. ना चहाला उठली, ना नाश्त्याला. कान फक्त त्या एका गोष्टीकडे. पंकज अकराला आला, आणि वामनराव छताकडे बघत म्हणाले, "सरला रे. मघाशीच." पोरगा उड्या मारत सिस्टरकडे गेला. डॉक्टर दुसऱ्या ऑपरेशनमध्ये होते. तिथूनच निरोप आला, पाणी सुरू करा.

हे मघाशी म्हणजे नेमकं कधी? तिला तर काही कळलं नव्हतं. उलट सकाळपासून वामनरावांनी पायजम्याची नाडी दोनदा सैल केली होती, ते तिने मान खाली घालून बसल्या बसल्या बरोबर पाहिलं होतं. पोट फुगत चाललं होतं.

डॉक्टरांनी ऑपरेशननंतर दोघांना नीट समजावून सांगितलं होतं. घास गिळेपर्यंत काय ते आपल्या हातात, पुढे सगळी आतड्याची मर्जी. जठर घुसळतं, लहान आतडं सत्त्व शोषत शोषत पुढे ढकलतं, मोठं आतडं त्यातलं पाणी ओढून घेतं. बाबांच्या मोठ्या आतड्याला पीळ पडला होता. तेवढा तुकडा कापून दोन टोकं शिवली. आता हात लागला की आतडं रुसून बसतं. दोन-तीन दिवसांत जागं होतं, आणि जागं झालं की पोटात गुडगुड होते, वारा सरतो.

"आणि नाही जागं झालं तर?" पंकजने विचारलं होतं.

"तर टाका सुटला का ते पाहायला पुन्हा उघडावं लागेल. इथे नाही, इंदूरला. आणि तोवर पोटात काही जाता कामा नये. पुढे वाट बंद, तर ते उलटून येणार. उलटी श्वासात गेली तर माणूस हातचा जातो."

आज चौथा दिवस. सकाळी डॉक्टरांनी पोटावर चार ठिकाणी तपासायची नळी लावून बराच वेळ ऐकलं होतं. मग नळी गळ्यात टाकत ते म्हणाले होते, "संध्याकाळपर्यंत बघू. नाहीतर इंदूर."

इंदूर म्हटल्यावर वामनरावांचे डोळे कसे झाले होते, तेही पूर्णिमाने पाहिलं होतं. सहा वर्षांपूर्वी सासूबाईंना, कोकिळाबाईंना, इंदूरलाच दुसऱ्यांदा उघडलं होतं. जाताना त्या गाडीत बसून गेल्या होत्या. येताना निजवून आणल्या.

तिला सगळं कळत होतं. बोलायचं कसं, एवढंच कळत नव्हतं. लग्नाला चौदा वर्षं झाली, सासऱ्याशी ती समोरासमोर एक शब्द बोललेली नव्हती. त्यांच्या घरची रीतच तशी. चहा झाला की ती खांबाला सांगायची, "चहा ठेवलाय म्हणावं." वामनराव अंगणातल्या हवेला सांगायचे, "साखर कमी आहे म्हणा." दवाखान्यात आल्यावरही तेच. काल नळी टोचत होती, तर ते सलाइनच्या खांबाला म्हणाले, "टोचते म्हणा." ती उठून खांबाकडे बघत नळी सरळ करून गेली.

तिने चमचा भरला. वामनरावांनी तोंड उघडलं. तिच्याकडे नाही, त्यांचे डोळे चमच्याकडे होते. तहानेने जीव किती कासावीस झालाय ते दिसत होतं. तिचा हात मध्येच थांबला.

"दे ना! काय बघू राहिली?" पंकज फोन खिशात टाकत म्हणाला.

"अहो, जरा बाहेर या."

दाराबाहेर येऊन ती घाईघाईने, हळू आवाजात बोलली. "वारा नाही सरला. मी सकाळपासून तिथंच आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही सरला. पोट बघा त्यांचं, किती तटतटलंय."

पंकजचा आवाज चढला. "तू काय मोजत बसली होती का? आवाज न होताही सरतो कधी. पप्पा खोटं बोलतील? या वयात? माझ्या बापाला खोटं पाडू राहिली तू?"

"तसं नाही हो..."

"कसं नाही? आण इकडे." त्याने तिच्या हातातून वाटी घेतली आणि आत गेला.

पहिला चमचा गेला. वामनरावांनी डोळे मिटून तो तोंडात घोळवला. दुसरा गेला. पूर्णिमा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिसरा चमचा भरेपर्यंत वामनरावांना उचकी लागली. एक. मग दुसरी. उचकीसरशी चादरीखालचं पोट वर यायचं आणि त्यांचा चेहरा कळवळायचा. पंकज हसत म्हणाला, "कोणी आठवण काढली पप्पा, आत्याच असेल," आणि चमचा त्यांच्या ओठांशी नेला.

पूर्णिमाला भीती वाटली. सासऱ्याची नाही, नवऱ्याची नाही, त्या चमच्याची. आई गं, तिच्या मनात आलं, हे आपल्या डोळ्यांदेखत होणार आणि आपण दाराला धरून उभ्या राहणार.

"मामाजी, पिऊ नका."

खोलीत कोणी ओरडल्यासारखं झालं. तिचाच आवाज होता, आणि थेट सासऱ्यांना.

"नाही सरला वारा. तुम्हाला इंदूरचं भ्या वाटतं म्हणून तुम्ही तसं बोलले. पाणी नका पिऊ, मामाजी. पाया पडते तुमच्या."

पंकजच्या हातातला चमचा चादरीवर सांडला. "डोकं फिरलं का तुझं? बाहेर हो आधी!"

वामनरावांनी तोंड मिटलं आणि मान भिंतीकडे वळवली. आवाज ऐकून सुनंदा सिस्टर आली. तिने तिघांचे चेहरे पाहिले, उचकी पाहिली, चादर बाजूला करून पोटावर हात ठेवला आणि मुकाट्याने नळीचा चाप काढला. क्षणात पिशवीत हिरवं पाणी धावत आलं. मघाचं पाणीही त्यात असणार.

"डॉक्टरांना अर्धा तास लागेल. तोवर काही देऊ नका." एवढं बोलून ती गेली. पंकज वाटी टेबलावर आपटून बाहेर निघून गेला.

आता खोलीत दोघंच होते. पूर्णिमाने टेबलावरची वाटी दूर सरकवली. तोंडातून शब्द तर निघून गेले होते, आणि आता तिला वाटू लागलं, आपलंच चुकलं असेल तर? आवाज न करता खरंच सरला असेल तर? तहानलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडचं पाणी आपण काढून घेतलं, वर त्याला खोटारडा ठरवलं. आता त्या घरात कुठल्या तोंडाने राहायचं?

"पूर्णिमा."

तिने दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. हे नाव वामनरावांनी लग्नपत्रिकेत वाचलं असेल तेवढंच. तोंडाने कधी घेतलं नव्हतं.

"इकडे ये," ते भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले. "ते डॉक्टर नळी लावून काय ऐकता, ते तू ऐक. कान लाव."

"मी? मला काय कळणार मामाजी?"

"अर्ध्या तासानं ते सांगतीलच. मला आधी कळू दे. आणि तुझ्याच तोंडून कळू दे."

ती पलंगाजवळ गेली. पदर सावरावा की नाही, तेही तिला सुचेना. वाकून तिने पट्टीच्या उजव्या बाजूला, उघड्या कातडीवर कान टेकला. पोट गरम होतं आणि घागरीसारखं कडक. आधी तिला छताचा पंखा ऐकू आला. मग खाली रस्त्यावर ट्रकचा हॉर्न. मग खोल कुठेतरी वामनरावांच्या काळजाचे ठोके, फार भराभर. हा माणूस आपल्याहून जास्त घाबरलाय, तिला वाटलं.

बाकी काही नाही. तिने कान थोडा खाली सरकवला. श्वास रोखला. देवा, एवढं एकदा वाजू दे.

आणि गुडगुडलं. चांगलं लांब, स्पष्ट.

वामनरावांची मान एकदम तिच्याकडे वळली. "आला ना? ऐकलं ना तू? आला आवाज!"

चार दिवसांत त्यांच्या डोळ्यांत असं काही दिसलं नव्हतं. हो म्हणायला तिला काय लागलं असतं? अर्धा तास तरी तो माणूस सुखात राहिला असता. तिच्या जिभेवर शब्द आलाही होता.

"माझं होतं ते, मामाजी," ती म्हणाली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, ते तिने पुसलं नाही. "मी सकाळपासून काही खाल्लं नाही. माझं पोट वाजलं."

"आणि माझं?"

तिने पुन्हा कान टेकला. पहिल्यापेक्षाही जास्त वेळ ऐकलं. काही सुटून जाऊ नये म्हणून डोळे मिटून ऐकलं.

"काहीच नाही, मामाजी. सामसूम आहे."

वामनरावांचा हात पलंगाच्या लोखंडी कडेवर होता, त्याची बोटं पांढरी पडली होती. उचकी आली, गेली. मग त्यांनी हात सोडला.

"पंकजला सांग, गाडी बोलाव म्हणावं. डॉक्टर आले की लगेच निघू." ते थांबले, कोरडे ओठ त्यांनी जिभेने ओले केले. "खाली जाऊन तू आधी काहीतरी खाऊन घे. चार तासांची वाट आहे."

"हो."

ती दाराशी पोचली तेव्हा त्यांनी पुन्हा हाक मारली.

"गाडीत माझ्याजवळ तू बस. पंकज नको. तो नुसता धीर देतो."